प्रोग रॉकमध्ये सॅक्सोफोनचं नेमकं काम काय?

पुण्यातल्या एका बँडनं विचारलेला प्रश्न असा: "आम्ही पाच जण प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. दोन गिटार, कीबोर्ड, बेस आणि ड्रम्स. टेनर सॅक्सोफोन वाजवणारी एक मैत्रीण आमच्यात यायला तयार आहे. पण दोन्ही गिटारवाल्यांचं म्हणणं आहे की सॅक्स हे जॅझचं, नाहीतर जुन्या हिंदी गाण्यांचं वाद्य. प्रोगमध्ये मधल्या एका सोलोपलीकडे त्याला जागा नाही. हे खरं आहे का? नसेल तर तिला वाजवायला काय द्यायचं?"

खरं नाही. मी पुण्यात बरीच वर्षं सॅक्स वाजवतोय आणि शिकवतोय. लग्नाचे बँड, गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, रॉक बँड, सगळीकडे वाजवलंय. त्यातून माझं एक ठाम मत झालंय: प्रोगमध्ये, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या लांब, गुंतागुंतीच्या रचनांमध्ये, सॅक्स काय करणार हे सॅक्सवाल्यापेक्षा गिटारवाला जास्त ठरवतो. गिटार कुठे वाजते, कुठे थांबते, कुठल्या पट्टीत वाजते, यावर सॅक्सची जागा ठरते. ज्या बँडांनी याचा विचार केला त्यांच्याकडे सॅक्स थेट रचनेत शिरला. बाकीच्यांकडे तो सोळा बारचा पाहुणा राहिला.

आधी भांडण कुठे आहे ते समजून घ्या. सॅक्स पितळेचा असला तरी तो बोलतो वेताच्या रीडवर, आणि त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक सुरात सम आणि विषम असे सगळे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूर, भरून असतात. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सारख्याच रुंदीची असते, म्हणून खालच्या सप्तकात तिथे विषम हार्मोनिक्सच जोरात येतात आणि आवाज पोकळ लागतो. आता डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेली, गिटार ऐका. तोही आवाज हार्मोनिक्सनी गच्च भरलेला असतो. टेनरचा पल्ला साधारण १०४ ते ६६० हर्ट्झ. गिटारचे बहुतेक रिफ (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धून) आणि पॉवर कॉर्ड (दोन सुरांच्या जड जोड्या) याच भागात वाजतात. म्हणजे दोन दाट आवाज एकाच पट्ट्यात. दोघांनी एकच सूर धरला तर ते एकजीव होतात, आणि दोघांनी वेगवेगळं काही वाजवलं तर दोन्ही गढूळ होतात. गिटारला अँप्लिफायर असतो आणि सॅक्सला फुप्फुसं, त्यामुळे हरतो सॅक्सच. तुमच्या मित्रांना "जागा नाही" असं वाटतं त्याचं मूळ इथे आहे. त्यात जॅझचा काही दोष नाही.

१९६९ ते १९७५ या काळात इंग्लंडमधल्या बँडांनी यावर निरनिराळे उपाय काढले. ते ऐकले की सगळं उलगडतं.

पहिला उपाय: गिटारशी एक होणं. किंग क्रिम्सनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमची सुरुवात होते ती 'ट्वेंटी फर्स्ट सेंचुरी स्किझॉइड मॅन'नं. त्यातला मुख्य रिफ ऐका. अल्टो सॅक्स (टेनरपेक्षा वरच्या आवाजाचा) आणि गिटार इतके चिकटून वाजतात की कुठलं वाद्य कुठे संपतं ते पहिल्यांदा ऐकताना कळतच नाही. आणि मधला तुटक तुटक भाग, जिथे अख्खा बँड एका झटक्यात वाजतो आणि एका झटक्यात गप्प होतो, तिथे सॅक्सच्या जिभेचा घाव गिटारच्या पिकइतकाच धारदार लागतो. तो सॅक्स होता इयन मॅकडोनल्ड यांचा. बासरी आणि मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज काढणारा कीबोर्ड) हेही तेच वाजवत, रचनाही करत. त्यांचं शिक्षण ब्रिटिश लष्कराच्या बँडमध्ये झालं होतं, आणि माझ्या मते ही शिस्त त्या तुटक भागात ऐकू येते. ॲडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य लष्करी बँडांमध्ये फार लवकर रुजलं. मोकळ्या मैदानात, ढोलांच्या आवाजावर मात करत, बाकीच्या वाद्यांबरोबर एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी थांबणं, हे त्याचं मूळचं काम. मॅकडोनल्ड यांनी ते रॉकमध्ये आणलं.

पुणेकरांना हे समजायला लंडनला जायची गरज नाही. आपल्याकडे प्रभात बँडसारखी ब्रास बँडची जुनी परंपरा आहे. वरात चालली असेल तर दोन मिनिटं थांबून नीट ऐका. क्लॅरिनेट, सॅक्स आणि ट्रंपेट एकच धून एकत्र वाजवतात, आणि ताशे-ढोल कितीही कडकडले तरी ती धून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. एकट्या क्लॅरिनेटची ती ताकद नाही. स्किझॉइड मॅनच्या रिफमागचं तंत्र हेच आहे, फक्त त्यात सोबतीला गिटार आहे.

दुसरा उपाय अधिक धाडसी, आणि माझा सर्वांत आवडता: गिटारच काढून टाकणं. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडमध्ये कायमचा लीड गिटारवादक नव्हता. पीटर हॅमिल यांचा आवाज, ह्यू बँटन यांचा ऑर्गन, गाय इव्हान्स यांचे ड्रम्स आणि डेव्हिड जॅक्सन यांचे सॅक्स. बेसवादक सोडून गेल्यावर बँटन यांनी बेससुद्धा ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर घेतला. म्हणजे गिटारचा अख्खा प्रदेश मोकळा झाला, आणि जॅक्सन त्यात ठाण मांडून बसले. किंग क्रिम्सनचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप पाहुणे म्हणून येऊन थोडी गिटार वाजवून गेले, पण इमारत उभी होती ती ऑर्गन आणि सॅक्सवर.

जॅक्सन बऱ्याचदा अल्टो आणि टेनर एकाच वेळी तोंडात धरून वाजवत. ही युक्ती अमेरिकन जॅझवादक राहसान रोलंड कर्क यांच्याकडून आलेली. अनेकांना ती तमाशेगिरी वाटते, म्हणून तिचं संगीताच्या अंगानं काय होतं ते सांगतो. अल्टो ई फ्लॅटचा आणि टेनर बी फ्लॅटचा. दोघांवर बोटांची ठेवण तीच ठेवली तर अल्टोचा सूर टेनरच्या वर, सा-म या अंतरावर येतो. हे अंतर तसंच ठेवून रिफ वाजवला की तो गोड लागत नाही. रुंद, ताठर आणि थोडा भीतिदायक लागतो. १९७० च्या 'किलर'चा रिफ ऐका आणि त्यातला दगडी भारदस्तपणा बघा. गिटारवर पॉवर कॉर्ड जे करते तेच काम इथे एक माणूस दोन सॅक्सवर करतोय. शिवाय जॅक्सन यांनी सॅक्सला पिकअप लावून ऑक्टेव्ह, वा-वा अशी आवाज बदलणारी गिटारची पेडल्ससुद्धा जोडली. १९७१ च्या 'पॉन हार्ट्स' अल्बममधली वीसहून जास्त मिनिटांची 'अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स' ही रचना तुमच्या दोन्ही गिटारवाल्यांना दिवे मालवून ऐकवा. त्यात सॅक्स कधी वादळ होतो, कधी भोंगा, कधी प्रार्थना. सोलोसाठी कुणी त्याला वेळ काढून दिलेला नाही, कारण तो सगळीकडे आहेच.

सॉफ्ट मशीनच्या १९७० च्या 'थर्ड' अल्बमवरही गिटार नाही. एल्टन डीन यांचा अल्टो, माइक रॅटलेज यांचा फझ लावलेला, म्हणजे खरखरीत केलेला, ऑर्गन, ह्यू हॉपर यांचा फझ बेस. दोन तबकड्या, चार बाजू, चार रचना. ते संगीत जॅझकडे जास्त झुकतं, मला तितकं भिडत नाही, पण गिटार नसली की सॅक्सला किती ऐसपैस हिंडता येतं याचा तो चांगला पुरावा आहे.

तिसरा उपाय सगळ्यांना माहीत असलेला: गिटारनं मागे सरणं. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बममध्ये डिक पॅरी यांनी टेनर वाजवला. 'मनी'चा बेस रिफ सात मात्रांचा, आणि सॅक्सचा सोलोही त्याच सात मात्रांवर आहे. गिटारचा सोलो सुरू होतो तेव्हा मात्र ताल चारावर येतो. म्हणजे अवघड भाग सॅक्सच्या वाट्याला आला! 'अस अँड देम'मध्ये तोच वादक सुरुवातीला हवा जास्त आणि सूर कमी अशा फुंकरीनं बोलतो, आणि पुढे गाणं उसळतं तेव्हा त्याच सॅक्सचा गळा मोकळा होतो. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'च्या पहिल्या अर्ध्याच्या शेवटी पॅरी टेनरहून खालच्या आवाजाच्या बॅरिटोनवरून टेनरवर जातात आणि त्याच सुमारास लयीची चाल बदलते. वाद्य बदलणं हाच तिथे रचनेतला वळणबिंदू झालाय. तुमचे मित्र "मधला एक सोलो" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुधा पिंक फ्लॉइडच असणार. पण हेसुद्धा नुसते सोलो नाहीत. गाण्याचं तापमान कुठे बदलायचं हे ठरवून ते तिथे ठेवलेले आहेत.

आता 'स्टारलेस'बद्दल सविस्तर बोलायला हवं. किंग क्रिम्सनच्या १९७४ च्या 'रेड' अल्बमची ही शेवटची रचना, बारा मिनिटांहून थोडी मोठी. तेव्हा बँड तिघांचा उरला होता: फ्रिप, जॉन वेटन, बिल ब्रुफर्ड. सॅक्ससाठी दोन जुने सहकारी पाहुणे म्हणून आले, अल्टोहून वरच्या आवाजाच्या सोप्रानोवर मेल कॉलिन्स आणि अल्टोवर इयन मॅकडोनल्ड. सुरुवातीच्या गाण्याच्या भागात सोप्रानो वेटन यांच्या ओळींना उत्तरं देतो. ख्यालात सारंगी गाणाऱ्याची ओळ उचलून धरते, साधारण त्या नात्यानं. मग गाणं थांबतं आणि तेरा मात्रांचा एक संथ, काळोखा भाग सुरू होतो. बेस तीच आकृती पुन्हा पुन्हा वाजवतो, फ्रिप एकच सूर ठोकत राहतात आणि कितीतरी वेळानं तो किंचित वर सरकवतात. कित्येक मिनिटं हा ताण वाढत जातो, आणि या सगळ्या वेळात सॅक्स गप्प. मग लय एकदम धावायला लागते आणि अल्टो किंचाळत आत येतो. शेवटी सुरुवातीची धून परत येते, पण तोवर ती ऐकणारे आपण बदललेले असतो. तो अल्टो अंगावर येतो कारण तो आधी इतका वेळ नव्हता. तुमची मैत्रीण कुठे गप्प राहणार हे लिहून ठेवणं हासुद्धा तिच्या कामाचा भाग आहे, आणि रॉक बँडवाले नेमकं हेच विसरतात. सॅक्स आणलाय म्हटल्यावर त्याला सतत वाजवत ठेवतात.

बाकी नावं पटकन सांगतो. सुपरट्रॅम्पमध्ये जॉन हेलिवेल यांचा सॅक्स इलेक्ट्रिक पियानोच्या पायावर उभा आहे, म्हणून तिथे तो इतका स्वच्छ ऐकू येतो. कलोसियमचे डिक हेकस्टॉल-स्मिथ यांनीही दोन सॅक्स एकत्र वाजवले. गाँगचे दिदिए मालेर्ब, हॉकविंडचे निक टर्नर यांनाही ऐका. जेथ्रो टलच्या इयन अँडरसन यांनी १९७३ च्या 'अ पॅशन प्ले'मध्ये बासरीसोबत सोप्रानोही घेतला. येस, जेनेसिस आणि इमर्सन, लेक अँड पामर यांच्या गाजलेल्या काळात सॅक्स जवळपास नाहीच, कारण मधली सगळी जागा ऑर्गन आणि सिंथेसायझरनं भरलेली होती. तुमच्याकडे कीबोर्डही आहे, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा. नव्या काळात स्टीव्हन विल्सन यांच्याकडे थिओ ट्रॅव्हिस आहेत. मेटलच्या बाजूला नॉर्वेच्या शायनिंगचा २०१० चा 'ब्लॅकजॅझ' आणि रिव्हर्स ऑफ निहिलचा २०१८ चा अल्बम यांनी तर अतिजड गिटारांमध्येही सॅक्स घुसवून दाखवला. तुमचे गिटारवाले मेटल ऐकणारे असतील तर त्यांना पटवायला हेच आधी लावा.

"हिंदी गाण्यांचं वाद्य" या आक्षेपाबद्दल एवढंच सांगतो. राहुल देव बर्मन यांच्यासाठी मनोहारी सिंग यांनी वाजवलेला सॅक्स मला जीव की प्राण आहे. याच वाद्याच्या रचनेत बदल करून कद्री गोपालनाथ यांनी त्यावर कर्नाटक संगीतातल्या गमका काढून दाखवल्या. ज्या वाद्यानं हे दोन्ही केलं, त्याला तुमच्या बँडमध्ये जागा मिळू नये असं कुठलंही कारण मला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. पहिली गोष्ट पट्टीची, आणि निम्मे बँड इथेच अडकतात. पेटीच्या भाषेत बोलू. तुमच्या मैत्रिणीच्या टेनरवर 'सी' वाजवला की प्रत्यक्षात काळी पाच ऐकू येते. अल्टोवर तोच 'सी' म्हणजे काळी दोन. गिटारवाल्यांचा जीव पांढरी तीन आणि पांढरी सहावर, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. पण पांढरी तीनमधलं मेजर गाणं टेनरवर एफ शार्पमध्ये जातं, म्हणजे सहा शार्प. पांढरी सहा म्हणजे पाच शार्प. वेगवान रिफमध्ये बोटं अडखळतात, सूर निसटतो आणि सगळे म्हणतात "सॅक्स बसत नाही". मायनरमध्ये त्रास कमी होतो, तरी उपाय सोपा आहे: दोन्ही गिटार आणि बेस अर्ध्या स्वरानं उतरवा. मग गिटारवरची ठेवण तीच राहते, ऐकू येते काळी दोन, आणि टेनरवर ते होतं एफ मेजर, एकच फ्लॅट. अल्टोवर तर एकही नाही. तारा थोड्या सैल झाल्यानं गिटारचा आवाजही जरा जाड होतो, तेव्हा तुमच्या मित्रांनाही ते आवडेल.

दुसरी गोष्ट श्वासाची. सात, अकरा, तेरा मात्रांमध्ये सॅक्सवाले सहजच समेच्या आधी श्वास घेतात. प्रत्येक आवर्तनात त्याच जागी भोक पडतं आणि संगीत पायऱ्या चढल्यासारखं होतं. रूपकात गाणारा दर समेला थांबतो का? वाक्य आवर्तनावरून पुढे न्यायचं आणि श्वास मध्येच, पाचव्या किंवा सहाव्या मात्रेवर चोरायचा. तिला म्हणावं, आधी हातावर टाळी-खाली देत तो भाग 'सा रे ग म' करून गा, श्वासाच्या जागा पेन्सिलीनं कागदावर लिही, आणि मगच सॅक्स हातात घे. सवाई गंधर्वला रात्र-रात्र बसलेल्या पुणेकराच्या कानाला विषम मात्रा परक्या नसतात. त्या संस्काराचा इथे उपयोग करून घ्या.

तिसरी गोष्ट ध्वनीची. माइक सॅक्सच्या कर्ण्यात खुपसू नका. बरेचसे सूर कर्ण्यातून बाहेर येतच नाहीत, ते उघड्या छिद्रांतून येतात. साधारण वीतभर अंतरावर, कर्णा आणि डाव्या हाताच्या चाव्या यांच्या मध्ये रोख धरून माइक लावा. तिच्या मॉनिटरमध्ये तिचा स्वतःचा आवाज सगळ्यात वर हवा. स्वतःला ऐकू आलं नाही की सॅक्सवाला जोरानं फुंकतो, आणि जोरानं फुंकलं की सूर हलतो.

पुण्याची हवाही हिशेबात धरा. पावसाळ्यात रीड वाकतात, पॅड दमट होतात आणि जी शार्पची चावी हमखास चिकटते. वाजवायच्या आधी त्या पॅडखाली पातळ टिश्यू दाबून ओल टिपून घ्यावी. रीड सपाट काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी एक सिंथेटिक रीड जवळ असलेला बरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री मोकळ्या मैदानात वाजवाल तेव्हा थंड सॅक्स उतरतो आणि थंड गिटार चढते, म्हणजे दोघं एकमेकांपासून दूर जातात. गाण्यांच्या मधल्या वेळात सॅक्समध्ये नुसती गरम हवा फुंकत राहायचं, आणि तरीही कमी पडलं तर माउथपीस किंचित आत सरकवायचा.

तुमच्या पाच जणांच्या रचनेबद्दल शेवटचं. दोन गिटार आणि कीबोर्ड असताना सॅक्स वरून ओतू नका, आधी काहीतरी काढा. तुमच्या चालू गाण्यांपैकी एक निवडा. पहिल्या सरावाला दुसऱ्या गिटारवाल्यानं त्यात काहीही वाजवायचं नाही, आणि त्याचा सगळा भाग टेनरनं घ्यायचा: रिफ, आडव्या धून, लांब धरलेले सूर, सगळं. दुसऱ्या सरावाला तो परत येईल, पण फक्त सॅक्सबरोबर एका सुरात किंवा सॅक्स गप्प असताना. कीबोर्डवाल्याचा उजवा हात टेनरच्या पट्ट्यातून उचलून एक सप्तक वर न्या. तिसऱ्या सरावापर्यंत सॅक्सचा सोलो ठेवूच नका. तिन्ही सराव मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि सहाही जणांनी एकत्र बसून ऐका. सोलो कुठे हवा, किती लांब हवा, हवा की नको, हे मग त्या रेकॉर्डिंगवरून ठरवा. आणि पहिला शब्द तिला बोलू द्या.